गीझरचं पाणी तापत नाही? कॉइल बदलण्याआधी मीटरचा दिवा मोजा

बंबात जाळ धरलाय की नाही हे लांबूनही दिसायचं. गीझर मात्र भिंतीवर बंद डब्यासारखा टांगलेला असतो, आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही. म्हणून पाणी तापेनासं झालं की 'कॉइल गेली' असा निकाल लगेच लागतो. नवी कॉइल बसते, पैसे जातात, आणि दुसऱ्या दिवशी बादलीत पुन्हा कोमट पाणी. कॉइल जाते हे खरं, पण तिच्याआधी तपासायच्या चार-पाच जागा आहेत आणि त्यांतल्या निम्म्या पाना न लावता तपासता येतात.

ही माहिती भिंतीवरच्या, विजेवर चालणाऱ्या, १० ते २५ लिटरच्या साठवणीच्या गीझरची आहे. तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरबद्दलही थोडं सांगितलं आहे. गॅस गीझर हे पूर्ण वेगळं प्रकरण आहे. या माहितीच्या भरवशावर त्याला हात लावू नका.

पाणी गार येण्याचे मूळ प्रकार दोनच. एक तर वीज एलिमेंटपर्यंत, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलपर्यंत, पोचत नाही, नाहीतर तापलेलं पाणी तुमच्यापर्यंत पोचत नाही. यातलं आपल्याकडे काय झालंय ते आधी ठरवा. त्याशिवाय गीझर उघडू नका.

मीटरवरचा लाल दिवा

गरम पाण्याचा नळ सोडून एक-दोन बादल्या पाणी काढून टाका, म्हणजे टाकीत गार पाणी भरेल. गीझरला तापमानाची चकती असेल तर ती पूर्ण वर न्या. घरातले एसी, पंप, फ्रिज, इस्त्री बंद करा. आता मीटरपाशी जा. डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरच्या तोंडावर छापलेलं असतं. समजा ३२०० छापलंय. २००० वॅटचा गीझर तासाला दोन युनिट खातो, म्हणजे ६४०० वेळा लुकलुक, म्हणजे १० सेकंदांत साधारण १८. मीटरवर १६०० असेल तर ९.

गीझर बंद ठेवून १० सेकंद मोजा. मग घरातल्या कुणालातरी गीझर चालू करायला सांगा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांमधला फरक हा गीझरचा.

फरक काहीच नाही? वीज एलिमेंटपर्यंत जात नाहीये. फरक १८ च्या आसपास आहे, तरी पाणी गार? गीझर तापतोय, गडबड नळजोडणीत आहे. पाच मिनिटं १८ पडले आणि मग दिवा एकदम संथ झाला? थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा स्विच) लवकर तोडतोय किंवा कटआऊट (पाणी अति तापलं तर वीज तोडणारा दुसरा स्विच) पडतोय. या तीन वाटांपैकी आपली कुठली ते कळलं की अर्धं काम झालं.

आकडा १८ ऐवजी १२-१३ आला तर व्होल्टेजकडे बघा. एलिमेंटची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० व्होल्टवर २००० वॅट देणारं एलिमेंट २०० व्होल्टवर जेमतेम १५०० आणि १८० वर सव्वाबाराशे वॅट देतं. ज्या गावांत संध्याकाळी दिवे मंद होतात तिथे गीझर बिघडलेला नसतो, त्याला वेळ जास्त लागतो. हिशेबासाठी: १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २००० वॅटला १८ ते २० मिनिटं लागतात, २५ लिटरला अर्धा तास किंवा थोडं जास्त. डिसेंबरात टाकीतलंच पाणी १५ अंशांचं असेल, तर त्याच १५ लिटरला २४ मिनिटं. आणि १८० व्होल्टवर, २५ अंशांपासून सुरुवात केली तरी, सरळ ३० मिनिटं. 'पूर्वी तापायचं, आता नाही' ही तक्रार कित्येकदा फक्त ऋतू बदलल्याची असते.

वीज पोचत नसेल तर

इथून पुढे झाकण उघडायचं आहे. गीझरचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा मेन स्विच, खाली पाडा, त्यावर चिकटपट्टी लावून 'चालू करू नका' असं लिहा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून चालत नाही, कारण चुकीच्या जोडणीत ते बटण न्यूट्रल तोडत असतं आणि गीझरमध्ये फेज जिवंत राहते. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो याची खात्री करा, मग गीझरच्या टर्मिनलवर लावा. पाय कोरडे, चप्पल रबराची, जमीन पुसलेली. टेस्टर आणि मल्टिमीटर धरायची सवय नसेल तर इथेच थांबून वायरमनला बोलवा. त्याला लाल दिव्याचा आकडा सांगितलात तरी त्याचं काम सोपं होईल.

पहिली नजर प्लग आणि सॉकेटवर. २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचा मोठा तीन पिनांचा प्लगच हवा. सॉकेटमधली पितळी पट्टी सैल झाली की तिथे ठिणगी पडते, पिना काळ्या होतात, प्लास्टिक पिवळं पडून वितळतं आणि जळकट वास येतो. बंद पडलेल्या गीझरांमध्ये हे इतक्यांदा सापडतं की प्लग काढून बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये. काळा पडलेला प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला, एकच बदलला तर नवाही लवकर जळतो. मागची वायर तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची हवी. ६ अँपिअरच्या सॉकेटला ॲडॉप्टर लावून, किंवा १० अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर गीझर चालवू नका.

ट्रिप होण्याचे प्रकार नीट ओळखा. एमसीबी बटण दाबताक्षणी पडतो तेव्हा शॉर्ट असतो. दहा-पंधरा मिनिटांनी पडतो तेव्हा बहुधा एमसीबीचाच स्क्रू सैल होऊन तिथे ऊब धरलेली असते. आणि एमसीबी जागेवर असून ईएलसीबी किंवा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) पडतो तेव्हा वीज गळून अर्थिंगला जातेय, म्हणजे एलिमेंटच्या नळीला चीर गेलीय. ही गळती कधी कधी एलिमेंट गरम झाल्यावरच सुरू होते, म्हणून 'पाच मिनिटं चालतो आणि घरातले सगळे दिवे जातात' असं होतं. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकू नका. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गीझर त्याच क्षणी बंद करा. त्या घरात अर्थिंगही नीट नाही, असं समजा.

न्यूट्रल तुटल्याची एक खूण लक्षात ठेवा. वीज चालू असताना गीझरच्या दोन्ही टर्मिनलवर टेस्टर पेटतो, तरी एलिमेंट तापत नाही. फेज एलिमेंटमधून दुसऱ्या टोकापर्यंत आलेली असते, पण तिला परत जायला वाट नसते. दोष मागे बोर्डात किंवा प्लगच्या न्यूट्रल पिनेत असतो, गीझरमध्ये नाही.

कटआऊट का पडला, हे आधी विचारा

थर्मोस्टॅट रोजचं काम करतो: पाणी ठरलेल्या तापमानाला आलं की वीज तोडायची, गार झालं की जोडायची. कटआऊट हा त्याच्या मागे उभा राहिलेला राखणदार. थर्मोस्टॅटने वीज तोडली नाही आणि पाणी उकळीच्या दिशेने जाऊ लागलं, की तो तोडतो. पुष्कळ मॉडेलमध्ये तो आपोआप जुळत नाही. झाकणाखाली एक छोटं, बहुतेक लाल, बटण असतं. गीझर गार झाल्यावर ते आगपेटीच्या काडीने दाबलं की 'टक' असा आवाज येतो आणि पाणी तापू लागतं.

बहुतेक जण इथे थांबतात. बटण दाबलं, चालू झाला, संपलं. पण कटआऊट उगाच पडत नाही. कारणं मोजकी आहेत. थर्मोस्टॅटचे संपर्क ठिणग्यांनी एकमेकांना चिकटले असतील, म्हणजे तो तोडतच नाही. टाकीत पाणी नसताना गीझर चालू झाला असेल, सोसायटीची टाकी धुतली किंवा पाणी गेलं त्या दिवशी हे हमखास होतं. किंवा एलिमेंटभोवती क्षारांचा ढीग साचला असेल. एकदा बटण दाबून बघायला हरकत नाही. दोन-चार दिवसांत पुन्हा पडला तर थर्मोस्टॅट आणि कटआऊट दोन्ही बदला.

कटआऊटच्या दोन वायरी एकत्र पिळून 'डायरेक्ट' करून देणारे भेटतात. ते करू देऊ नका. थर्मोस्टॅट चिकटलेला, कटआऊट डायरेक्ट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारी झडप) क्षारांनी जाम, या तीन गोष्टी एकत्र आल्या की वाफेच्या दाबाने टाकी फुटते. गीझर फुटण्यामागे बहुधा हेच असतं.

थर्मोस्टॅट तपासायचा तर वीज बंद ठेवून त्याच्या वायरी सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर लावा. पाणी गार असताना दोन टोकांत जवळपास शून्य ओहम दिसला पाहिजे. फिरवायची चकती असेल तर ती खाली आणत जा, पाण्याच्या तापमानापाशी 'टिक' होऊन जोड तुटेल आणि मीटर शून्याऐवजी 'ओपन' दाखवेल. टिक नाही आणि शून्यही नाही, तर थर्मोस्टॅट गेला. टिक नाही आणि शून्य कायम, तर तो चिकटलाय, आणि हे जास्त वाईट.

आता एलिमेंट. त्याच्या दोन्ही वायरी सोडवून दोन टोकांत ओहम मोजा. २००० वॅटच्या एलिमेंटला सुमारे २६ ओहम येतात, ३००० वॅटच्याला साडेसतरा. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. मग मीटरची एक सुई एलिमेंटच्या टोकाला आणि दुसरी गीझरच्या अर्थच्या स्क्रूला लावा. इथे काहीच दिसता कामा नये. आकडा दिसला तर गळती आहे. पण साध्या मल्टिमीटरला बारीक गळती सापडत नाही. आरसीसीबी पडत असूनही मीटर 'ठीक' म्हणत असेल तर ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे बारीक गळती पकडणाऱ्या मीटरने, तपासून घ्या.

पाच मिनिटांत वीज तुटते, पाणी कोमट

क्षारांबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय, की एलिमेंटवर थर चढला की त्याचे वॅट कमी होतात. तसं होत नाही. मीटर तेच १८ दाखवतो. वीज गेली तेवढी उष्णता निर्माण होतेच आणि पाण्याशिवाय तिला जायला जागा नाही. नुकसान दुसरीकडे होतं. थराच्या आत एलिमेंटची नळी नको तेवढी तापते आणि अकाली चिरते. थराचे सुटे पापुद्रे खाली पडून टाकीच्या बुडाशी साठतात. एलिमेंट आणि थर्मोस्टॅटची दांडी दोन्ही त्यात गाडली जातात, त्या ढिगातलं पाणी हलत नाही आणि तेवढंच झपाट्याने तापतं. थर्मोस्टॅटला वाटतं सगळी टाकी तापली, आणि तो पाच मिनिटांत वीज तोडतो. वर १५ लिटर पाणी कोमटच.

याची खूण कानाला कळते. गीझर तापताना किटलीसारखं गुणगुणणं, मधूनच लाही फुटल्यासारखा आवाज. बोअरवेलचं पाणी असलेल्या घरांत हे दोन-तीन वर्षांतच सुरू होतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० आहे. बोअरचं पाणी या दुसऱ्या मर्यादेच्याही पुढे जाऊ शकतं. क्षार जास्त तापमानाला जास्त सुटतात, म्हणून चकती कायम ७५ वर ठेवण्यापेक्षा ५५ ते ६० वर ठेवा.

मीटर पळतोय, पाणी मात्र गार

ही वाट सगळ्यात फसवी. गीझर ठणठणीत असतो आणि तरीही नवा घेतला जातो.

गीझरखाली, थंड पाणी आत नेणाऱ्या नळीवर अँगल कॉक असतो. तो पूर्ण बंद करा. बाथरूममधला फक्त गरम पाण्याचा नळ उघडा. नळीतलं उरलंसुरलं पाणी काही सेकंद येईल आणि थांबेल. थांबायलाच हवं, कारण गार पाणी आत ढकललं गेल्याशिवाय गीझरमधून गरम पाणी बाहेर पडत नाही. धार चालूच राहिली तर ते पाणी गीझरचं नाही. थंड लाइनमधलं पाणी कुठूनतरी गरम लाइनमध्ये घुसतंय.

कुठून? बहुतेक वेळा मिक्सरमधून, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळातून. हँड शॉवर लावलेला असतो, त्याच्या मुठीवरचं बटण दाबून पाणी बंद केलेलं असतं, पण भिंतीवरचे गरम आणि थंड दोन्ही नळ उघडेच राहतात. मग मिक्सरच्या पोटात दोन्ही लाइन एक होतात आणि गार पाणी दाबाच्या जोरावर गरम लाइनमध्ये उलटं शिरतं. त्याचा त्रास शेजारच्या बाथरूमलाही होतो. एका दांडीच्या मिक्सरचं कार्ट्रिज (दांडीखालचा पाणी सोडणारा-बंद करणारा भाग) झिजलं की दांडी बंद असतानाही असंच होतं. शोधायचं तर अँगल कॉक बंद ठेवून, गरम नळ उघडा ठेवून, एकेका मिक्सरच्या थंड बाजूचा कॉक बंद करत जा. ज्याच्यापाशी धार थांबली तो दोषी. स्वयंपाकघरातला सिंक आणि वॉशिंग मशीनचा नळ विसरू नका. सोलरची लाइन याच गरम लाइनला जोडलेली असेल तर मधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बघा.

पाणी सुरुवातीला कडक आणि अर्ध्या बादलीत गार होत असेल तर जोडणी उलटी आहे का ते बघा. निळी खूण आत जाणाऱ्या पाण्याची, लाल बाहेर येणाऱ्याची. उभ्या गीझरमध्ये गरम पाण्याची नळी आतून थेट टाकीच्या माथ्यापर्यंत जाते आणि वरचं तापलेलं पाणी उचलते. नळ्या उलट्या जोडल्या तर गार पाणी माथ्यावर पडतं आणि बुडाशी असलेलं पाणी बाहेर येतं. जोडणी बरोबर असूनही हेच होत असेल तर ती आतली नळी सडून भोक पडलेलं असतं.

तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरचं गणित साधं आहे. ३००० वॅट मिनिटाला दोन लिटर पाणी फार तर २२ अंशांनी वाढवतात. थंडीत नळ पूर्ण सोडला तर पाणी गारच येणार. धार बारीक ठेवा, २० लिटरची बादली भरायला दहा मिनिटं लागतील.

एलिमेंट बाहेर काढताना

आधी गरम नळ सोडून पाणी गार येईपर्यंत वाहू द्या, ६० अंशांचं पाणी अंगावर आलं तर भाजतं. एमसीबी खाली. अँगल कॉक बंद. गरम नळ उघडा ठेवा, तिथून हवा आत शिरेल. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी वर करून टाकी रिकामी करा. व्हॉल्व्ह जाम असेल तर आत जाणारी नळी सोडवून बादली लावा आणि व्हॉल्व्ह नवा आणा. वायरींचा मोबाइलवर फोटो काढा, मगच सोडवा.

फ्लँजचे, म्हणजे एलिमेंट ज्यावर बसवलेलं असतं त्या तळाच्या तबकडीचे, नट बहुधा १० किंवा १३ नंबरच्या पान्याने निघतात. समोरासमोरचे एकेक ढिले करत जा. फ्लँज खाली येताना त्याच्यासोबत गढूळ पाणी आणि पोह्यांसारखे पांढरट पापुद्रे पडतील, मूठभरही असतात आणि कधी तांब्याभरही. बोटांनी चाचपून टाकीचं बूड मोकळं करा आणि अँगल कॉक क्षणभर सोडून धुऊन काढा.

एलिमेंट ओहमला पास झालं असेल तर ते टाकू नका. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, विरघळवा आणि फक्त नळीचा भाग त्यात दोन-तीन तास बुडवा. वायरी लागतात ते टोक कोरडंच राहिलं पाहिजे. बुडबुडे थांबले की नायलॉनच्या ब्रशने घासा. सुरीने खरवडू नका, मुलामा निघतो. फरशीचं ॲसिड तर अजिबात वापरू नका.

त्याआधी फ्लँजवरची मॅग्नेशियमची कांडी, म्हणजे ॲनोड, वेगळी काढून ठेवा, नाहीतर ॲसिड तिलाच खाईल. टाकीचं पोलाद गंजण्याऐवजी ही कांडी झिजते, तिचं कामच ते आहे. नवी असताना बोटाएवढी जाड असते. निम्म्याखाली आली किंवा आतली तार दिसू लागली की बदला. कडक पाण्याच्या भागात दरवर्षी बघा. टाकीच्या अंगातूनच पाणी झिरपत असेल तर मात्र दुरुस्ती नाही, गीझर बदलावा लागतो.

नवं एलिमेंट घ्यायला जुनं सोबत न्या. वॅट, लांबी, फ्लँजची भोकं आणि त्यांचं अंतर तंतोतंत जुळलं पाहिजे. जास्त लवकर तापेल म्हणून २००० च्या जागी ३००० वॅट बसवू नका. १३ अँपिअर ओढणारं एलिमेंट त्या गीझरसाठी नेमलेलं नव्हतं. रबरी गॅस्केट दर वेळी नवंच घ्या, बसायची जागा कापडाने पुसून घ्या, वरून एम-सील थापू नका. नट पुन्हा समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळा. एका बाजूने आवळलं तर दुसरीकडून गळतं. अर्थची वायर सगळ्यात आधी जोडा आणि ओढून बघा.

आता वीज न लावता पाणी भरा. अँगल कॉक उघडा, गरम नळ उघडा ठेवा. आधी हवा फुसफुसेल, मग तुटक पाणी, मग अखंड धार. ती धार मिनिटभर तशीच चालली की नळ बंद करा. फ्लँजखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद धरून दहा मिनिटं बघा. कागद कोरडा राहिला तरच एमसीबी वर करा आणि मीटरपाशी जाऊन १० सेकंद मोजा. १५ लिटरचा गीझर २० ते २५ मिनिटांत स्वतःहून बंद झाला पाहिजे. दुसऱ्या दिवशी, टाकी दोन-तीनदा तापून गार झाल्यावर, वीज बंद करून कागद पुन्हा एकदा लावा. ओल दिसली तर नट पाव फेरा आवळा.